शनिवारचे तास

मी नेरूळच्या एका कॉलेजात शिकवतो, आणि समाजसेवेचा उपक्रमही बरीच वर्षं माझ्याच गळ्यात आहे. ठरलेले तास सेवा केली की मुलांना प्रमाणपत्र मिळतं आणि परीक्षेत सवलतीचे दहा गुण. पुरावा म्हणून डायरीत फोटो चिकटवायचे, हा नियम माझा. वर तो मिरवायचोही.

रविवारी खाडीकाठचं प्लास्टिक वेचायला जायचो. अर्धा तास बॅनर सरळ धरण्यात, वीस मिनिटं कचरा, मग वडापाव. पण डायऱ्या फोटोंनी फुगलेल्या असायच्या. मी डोळे मिटून सह्या ठोकायचो.

शेवटच्या वर्षातल्या एका मुलीच्या डायरीत मात्र एकही फोटो नव्हता. ती खाडीलगतच्या गावातली. दर शनिवारी शाळा सुटल्यावर पालिकेच्या शाळेतल्या तिसरीच्या मुलांना वाचायला शिकवलं, एवढंच लिहिलेलं.

"फोटो कुठेत?" मी विचारलं.

"कोन काढनार, सर? मी शिकवत होते ना. तिथल्या बाईंना विचारा, जवलच हाय शाळा."

शाळा रिक्षाने दहा मिनिटांवर. मी गेलो नाही. "असं काय, कोणीही लिहील," म्हणत भर स्टाफरूममध्ये हसलो आणि पानावर लाल रेघ मारली. पुढे एका पेपरात ती चार गुणांनी राहिली. निकालाच्या दिवशी मला ते कळलं. नियम म्हणजे नियम, असं म्हणून मी चहा मागवला.

जुलैत वह्या वाटायला नवी मुलं घेऊन त्याच शाळेत गेलो. शनिवार होता. वाटप आटपेपर्यंत शाळा सुटली, तरी तिसरीच्या वर्गातून वाचण्याचा आवाज येत होता. डोकावलो तर मुलांमध्ये मांडी घालून तीच बसलेली. आता तर तिला कुठले तास भरायचे नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तसाच आत शिरलो. "माझी चूक झाली. आजच प्राचार्यांना पत्र देतो," एका दमात बोलून टाकलं. तिनं 'जाऊ द्या, सर' म्हणावं एवढीच माझी इच्छा होती. लाज वाटतानाही मला सुटकाच हवी होती.

"मी परत बसतेय पेपरला. फॉर्म भरलाय," ती शांतपणे म्हणाली. "सर, तुमी बूट भायेर काढा ना. पोरं खाली बसलीत."

मी बूट काढायला बाहेर आलो. पुन्हा आत जायची माझी हिंमत झाली नाही.