चाकाकडे कान

सायकलचं चाक बांधायला मी रागाच्या भरात शिकले. आवड वगैरे नंतरची गोष्ट. नागझिऱ्याच्या गेटवर मी गाईड आहे आणि आमच्या गावापासून गेटपर्यंतचा रस्ता जंगलातून जातो. त्या रस्त्यावरच्या दगडांनी माझ्या सायकलचं पुढचं चाक सारखं वाकडं व्हायचं. तिरोड्याच्या दुकानातून सरळ करून आणावं, तर थोड्याच दिवसांत पुन्हा डुगडुगायला लागायचं. शेवटच्या खेपेला दुकानदार म्हणाला, "बाई, रास्ता खराब है, चक्का क्या करेगा?" माझं डोकंच फिरलं. रिम, मधला हब आणि नव्या तारा, म्हणजे स्पोक, घेऊन मी घरी आले.

नवरा राइस मिलमध्ये कामाला आहे. ते सामान पाहून तो म्हणाला, "हे चाक रस्त्यात बसलं ना, त सायकल बंद. मीच गाडीवर सोडून देत जाईन." ऐकायला प्रेमळ वाटतं. पण त्याची सकाळची पाळी असली की मला सोडणार कोण? म्हणजे माझ्या सकाळच्या सफाऱ्या गेल्या, आणि हळूहळू कामही गेलं. ते काम मला कुणाच्या मेहेरबानीवर करायचं नव्हतं.

मोबाइलवर हिंदी व्हिडिओ लावून मी ओसरीत बसले. सायकल उलटी केली आणि पुढचं चाक बसतं त्या चिमट्याला झाडूची काडी बांधली. चाक फिरवायचं, रिम काडीला जिथे घासेल तिथल्या तारा चावीने कसायच्या किंवा सैल करायच्या. पहिल्यांदा सगळ्या तारा विणून झाल्या आणि पाहते तर हवा भरायचं भोक नेमकं दोन तारांच्या कैचीत आलेलं. पंप शिरेना. सगळं उसवलं. नवरा जेवता जेवता म्हणाला, "स्वेटर विनून राहिली काय?" मी त्याला भाजी पुन्हा वाढली नाही.

रिम काडीला कुठेच घासेनाशी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. गाव सुटलं आणि चाकातून आवाज आला. टिंग. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा टिंग. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. उतरून एकेक तार चाचपली, सगळ्या शाबूत होत्या. कसताना पीळ बसलेल्या तारा पहिल्यांदा भार पडला की सुटतात आणि वाजतात, हे मला नंतर समजलं. तेव्हा एवढंच समजत होतं की इथून परत फिरले तर संपलंच.

आमच्याकडे जंगलातून जाताना माणूस गप्प जात नाही. तो खाकरतो, मोठ्याने बोलतो, सायकलची घंटी वाजवतो. अस्वलाला आपली चाहूल आधी लागली तर ते आपणहून बाजूला होतं. पर्यटकांना हे मीच सांगते. लोका सांगे ब्रह्मज्ञान! त्या सकाळी मी घंटीला हात लावला नाही. घंटी वाजवली तर चाक कसं ऐकू येणार? पुढे पुढे टिंग थांबली, तरी माझे कान चाकाकडेच होते.

वळण घेतलं आणि समोर, रस्त्याच्या कडेच्या वारुळाशी, अस्वल. पाठीवर पिल्लू. इतकं जवळ की त्याचं फुसफुसणं ऐकू आलं. मला पाहताच ते मागच्या पायांवर उभं राहिलं. थांबायला जागा नव्हती. मी हँडल फिरवलं, सायकल रस्ता सोडून कडेच्या बैलगाडीच्या चाकोरीत आदळली, पुढचं चाक दगडावर चढलं आणि माझा सगळा भार त्याच्यावर आला. आता हे चाक बसणार, एवढंच मनात आलं. ते बसलं नाही. मागून अस्वल भुंकल्यासारखं ओरडलं. मी जीव खाऊन पॅडल मारत सुटले आणि गेटवर पोचल्यावर रडले.

बातमी मिलपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. संध्याकाळी नवरा गाडी घेऊन गेटवर हजर.

"घंटी काऊन नाही वाजवली?"

"चाकाकडं कान होता माहा."

"बस माघं."

"अन् सायकल काय तुमी डोक्यावर नेता?"

खाली बसून त्याने पुढचं चाक उचललं, फिरवलं आणि ब्रेकच्या रबरांमधून रिम कशी जाते ते डोळे बारीक करून पाहत राहिला. सकाळी अस्वलासमोर वाटली नव्हती एवढी भीती मला आता वाटली. त्या दगडाने रिम जराशी जरी वाकली असेल, तर उद्यापासून मी त्याच्या गाडीच्या मागे. चाक फिरत फिरत आपोआप थांबलं. रबराला कुठेच लागलं नाही.

तो उठला आणि त्याने माझी घंटी एकदा वाजवून पाहिली.

"उद्या घंटी वाजवत जाशीन," म्हणाला, आणि मी सायकलवर निघाले तसा गाडी सुरू करून माझ्या मागे राहिला.

त्या वळणावर माझा अंगठा घंटी वाजवतच राहिला. चाकाकडे मी एकदाही पाहिलं नाही.