बंड्याला झोपवलं

मार्चमधला शेवटचा रविवार, दुपारची जेवणं उरकल्यानंतरची वेळ. ठिकाण अंबरनाथ पूर्व, माझ्या माहेरचा फ्लॅट, दुसरा मजला. हजर : आई, माझा धाकटा भाऊ संदीप, त्याची बायको स्मिता, मी, आणि शेवटी शेवटी खालच्या मजल्यावरच्या पाटीलकाकू. गैरहजर : बंड्या.

हे आधीच लिहून टाकलं, कारण कोणी काय ऐकलं आणि कोणी नाही, यावरून आमच्या घरात नंतर बराच घोळ घातला गेला आहे.

मी बदलापूरला कुळगावात राहते. एका शाळेच्या ऑफिसात काम करते. घरात काहीही करायचं असलं की यादी माझ्याकडे येते... लग्न असो, ऑपरेशन असो, नाहीतर घर हलवणं. आणि भूतखेत म्हणाल तर आमचं घर बौद्ध. बाबांनी बावीस प्रतिज्ञा आमच्याकडून पाढ्यांच्या आधी पाठ करून घेतल्या होत्या. नजर, अंगारा, अमावस्या - काही नाही. आमच्या घरात लिंबू फक्त सरबतासाठी यायचं. भुताटकीच्या या सदरातले वाचकांचे अनुभव मी आजवर वाचले ते हसायला. 'आधी प्लंबर बोलवा' हे माझं ठरलेलं मत. तर आता माझाच अनुभव वाचा.

बंड्या म्हणजे कुत्रा. पग आणि आणखी कशाचं तरी मिश्रण. बाबा रिटायर झाल्यावर एकदा उल्हासनगरला पडद्यांचं कापड आणायला गेले आणि कापडाऐवजी हा घेऊन आले. ओळखीच्या सिंधी दुकानदाराकडे तो कापडाच्या ताग्यांवर झोपायचा आणि इतका घोरायचा की गिऱ्हाइकांना वाटायचं शेठच काउंटरखाली आडवे झालेत. "साईं, ले जाओ इसको," शेठने हात जोडले म्हणे, "कस्टमर मेरे पे हँसता है." बाबा स्वतः घोरण्यात कमी नव्हते. आई एवढंच म्हणाली, "एकाने भागत नव्हतं वाटतं."

त्याच्या झोपेच्या तऱ्हा काय सांगू! बसल्या बसल्या फ्रिजला कपाळ टेकून झोपायचा आणि हळूहळू घसरत जमिनीवर यायचा, तरी जाग नाही. उताणा झोपला की चारी पाय वर, जिभेचं टोक बाहेर. घोरणं दोन भागांत - आत घेताना शिट्टी, सोडताना ओठांचं फुर्र. कधी कधी स्वतःच्याच घोरण्याने दचकून उठायचा आणि आमच्याकडे असा बघायचा की जणू आम्हीच आवाज केला. मग दाराकडे तोंड करून एकदा भुंकायचा, जबाबदारी झटकायचा, आणि परत आडवा. बहुतेक वेळ आईच्या पलंगाखाली, बाबांच्या चपलेत नाक खुपसून.

बाबा घोरायला लागले की आई झोपेतच म्हणायची, "कूस!" बाबा मुकाट्याने वळायचे. पलंगाखाली बंड्याही वळायला लागला. नखं फरशीवर खरवडायची, मग एक लांब उसासा, आणि दुसऱ्या कुशीवर जरा खालच्या पट्टीत पुन्हा सुरू. एका शब्दावर दोघं वळतात, हे आई पाहुण्यांना कौतुकाने सांगायची.

बाबा गेले त्यानंतरच्या आठवड्यात पाटीलकाकू पांढऱ्याफटक चेहऱ्याने वर आल्या होत्या. "वहिनी, कसं सांगू... दुपारी भाऊंचं घोरणं ऐकू येतं हो मला." आई त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "अहो, बंड्या आहे तो!" बघा, तेव्हा स्पष्टीकरण होतं.

आईला काचबिंदू आहे. एक डोळा गेलाय, दुसऱ्याला फक्त उजेड आणि सावल्या. बाबांनंतर तिला झोप लागायची ती त्या आवाजाच्या भरवशावर. घोरणं चालू आहे म्हणजे खाली कोणीतरी आहे, इतका साधा हिशोब.

त्या रविवारी मी गेले होते पॅकिंगला. संदीपने पालेगावला नवीन टॉवरमध्ये फ्लॅट घेतलाय आणि हा जुना विकलाय. मी मार्कर, चिकटपट्टी, लेबलं घेऊन पोचले. दारात बंड्या माझी पर्स हुंगायला आला नाही. "बंड्या कुठाय?" म्हटलं. स्मिता सरळ किचनमध्ये गेली. संदीप म्हणाला, "ताई, जरा गॅलरीत ये."

गॅलरीत त्याने सांगितलं. गुरुवारी नेला. झोपवला. म्हणजे इंजेक्शन देऊन कायमचा.

"आजारी होता?"

"वय झालं होतं गं. धाप लागायची त्याला."

"धाप त्याला पिल्लू असल्यापासून लागते. डॉक्टर काय म्हणाले?"

"वय झालंय म्हणाले."

"वय माझंही झालंय."

"ताई, प्लीज. तिकडच्या सोसायटीत पेट्स अलाऊड नाहीत. आणि एवढं घोरणारं कुत्रं लपवणार कुठे? पहिल्याच दिवशी कंप्लेंट आली असती."

"माझ्या घराला गच्ची आहे, संदीप. एक फोन करायचा होतास."

"तू हो म्हणाली असतीस, मग भावजींनी महिनाभर तोंड पाडलं असतं, मग तू मला ऐकवलं असतंस. म्हटलं, कशाला?"

म्हणजे माझं 'हो' पण यानेच ठरवलं आणि माझं 'नाही' पण यानेच. मी विचारलं, "आईला सांगितलंस?"

"सांगितलं ना."

"काय सांगितलंस? नेमके शब्द सांग."

तो खाली रस्त्याकडे बघायला लागला. "हेच. आई, बंड्याला डॉक्टरकडे नेऊन झोपवलं."

"मग?"

"म्हणाली, बरं झालं."

मला बरं वाटलं नाही, पण आईने पचवलं असेल असं वाटलं. जेवणं झाली. मी आईच्या खोलीत बाबांची पुस्तकं खोक्यात भरत होते, संदीप तिथल्याच माळ्यावरून भांडी काढून देत होता, स्मिता ती पेपरात गुंडाळत होती. आई पलंगावर पडून होती. ती अगदी सहज म्हणाली,

"संदू, ते डॉक्टर कुठे बसतात रे?"

"कोणते?"

"ज्यांनी बंड्याला झोपवलं ते. चांगला हात आहे त्यांचा. आधी कसा धापा टाकायचा, मधेच उठायचा. आता किती शांत झोपतो. मलाही ने ना एकदा त्यांच्याकडे... मला अलीकडे सलग झोप लागत नाही रे."

संदीपच्या हातात कढई होती. ती त्याने खाली ठेवली नाही, वरही ठेवली नाही, नुसती धरून उभा राहिला. खोटं तो बोलला नव्हता, हेच तर वाईट. शब्द खरा होता. तो आईपर्यंत पोचला नव्हता इतकंच, आणि पोचला नाही हे गुरुवारपासून या दोघांना ठाऊक होतं.

मी म्हटलं, "आई, बंड्या..."

आणि पलंगाखालून शिट्टी आली. मग फुर्र.

आधी वाटलं, मनाचा खेळ. पुन्हा शिट्टी. पुन्हा फुर्र. मी स्मिताकडे पाहिलं. तिने पेपर बाजूला ठेवला. हळू आवाजात म्हणाली, "ताई, गुरुवारपासून चाललंय. मला वाटलं मलाच ऐकू येतंय. मी तर टीव्ही मोठा करून ठेवते."

"पंप आहे तो," संदीप म्हणाला.

ठीक. पंप तर पंप. मी खिडकीतून वॉचमनला विचारलं, पंप चालू आहे का. "पाणीच नाय आज, मॅडम. बारवी धरणाचं शटडाऊन हाय. पंप कशाला लावू?" मग मी वरच्या मजल्यावर गेले. कुलूप, आठवड्यापासून गावाला. खाली आले, मेन स्विच पाडला. पंखे थांबले, फ्रिज थांबला. घर एकदम गप्प झालं आणि त्या शांततेत ते घोरणं उलट आणखी स्पष्ट ऐकू यायला लागलं. दोन भागांत. आत घेताना शिट्टी, सोडताना ओठांचं फुर्र.

मी फरशीवर पालथी पडले आणि मोबाईलची बॅटरी लावून पलंगाखाली पाहिलं. बाबांच्या चपला होत्या. एक चपातीचा तुकडा होता, वाळलेला. बाकी स्वच्छ फरशी, भिंतीपर्यंत. आवाज चपलांच्या तिथून, माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर.

"ती रोज तुकडा ठेवते," स्मिता माझ्या कानाशी म्हणाली. "सकाळी तसाच असतो. मी उचलते."

"काय शोधताय गं?" आईने विचारलं. "झोपू द्या त्याला."

तेवढ्यात दार वाजलं. पाटीलकाकू. "बेल वाजत नाही, तुमची लाईट गेली का? आमची तर आहे..." बोलत बोलत खोलीच्या दारापर्यंत आल्या आणि हसल्या. "हा बघा! सगळं घर उलटंपालटं चाललंय आणि हा आपला ढाराढूर. नशीबवान आहे मेला."

त्यांना कोणीच काही सांगितलं नव्हतं. संदीप कढईसकट खाली बसला.

आईने हात पलंगाखाली सोडला. ती रोज सोडते तसा, बोटं फरशीला टेकतील इतका. म्हणाली, "आवाज जास्तच चढलाय आज. कूस!"

घोरणं थांबलं. फरशीवर नखं खरवडली. मी अजून पालथीच होते, डोळे उघडे, बॅटरी चालू. तिथे काहीही हललं नाही. चपलासुद्धा हलल्या नाहीत. मग एक लांब उसासा आला... आणि दुसऱ्या कुशीवरचं, खालच्या पट्टीतलं घोरणं सुरू झालं.

"शहाणा आहे," आई म्हणाली.

मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं. आवाज आलाय, नीट आलाय. तीच क्लिप मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. तिथे माझ्या शेजारी बसून हे ऐकणाऱ्या संदीपने संध्याकाळी उत्तर लिहिलं : 'छान आठवण. जुनी क्लिप आहे का?' खाली हात जोडलेले. आता तो म्हणतो, त्या दिवशी पंप चालू होता आणि वॉचमनला काही कळत नाही. स्मिता त्याच्यासमोर म्हणते, तिने काही ऐकलं नाही. तो नसला की मला फोन करून विचारते, "ताई, नवीन घरात पण येईल का हो?" पाटीलकाकूंना मी नंतर खरं काय ते सांगितलं. तेव्हापासून त्या वर आलेल्या नाहीत.

बाबा असते तर म्हणाले असते, शोध, कारण सापडेल. मी शोधलं. पाणी, वीज, वरचा मजला, खालचा मजला, ड्रेनेजचा पाईप, सगळं बघून झालं. कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, फक्त पंप म्हणू नका. आत्मा वगैरे मी अजूनही मानत नाही. मला एवढंच दिसतं की एका माणसाने एक शब्द अर्धवट टाकला, आईने तो शब्दशः घेतला, आणि त्या घरात तो शब्दशः खरा झाला. बंड्याला झोपवलंय. तो झोपलाय.

पुढच्या शनिवारी टेम्पो आला. माझी लेबलं लावलेली खोकी गेली, फ्रिज गेला, कपाटं गेली. शेवटी हमाल आईच्या खोलीत आले.

"मावशी, उठता का जरा? पलंग घेतो."

"आत्ता नको रे," आई म्हणाली. "खाली बंड्या आहे. झोपेतून उठवलं की दचकतो तो. उठला की मग हलवा."

हमालाने वाकून खाली पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी संदीपकडे पाहिलं.

"ताई, तू सांग तिला," तो म्हणाला. "तुझं ऐकते ती."

"झोपवलंस तू. तू सांग."

"मी सांगितलंय एकदा."

टेम्पो पलंग न घेता गेला. आईही पलंगाबरोबर तिथेच राहिली. संदीपला फ्लॅटची किल्ली द्यायची आहे, घेणाऱ्याचे फोन सुरू झालेत. मी शाळा सुटल्यावर रोज अंबरनाथला उतरते आणि त्या रिकाम्या घरात आईजवळ बसते. रोज ठरवून जाते की आज सांगायचं - आई, झोपवणं म्हणजे काय ते. तोंड उघडते, तर ती बोट ओठांवर ठेवते. हळू बोल म्हणते. आणि खरंच, खाली आवाज चालू असतो.

सगळं हलवून झालं. पलंग राहिलाय.