गोणीतली कानकापी

कम्युनिटीतल्या मंडळींनो, आजचा किस्सा ऐकाच.

सकाळी आमच्या नाशिकरोडच्या सोसायटीत खालचे जोशीकाका बंद गोणी गरागरा फिरवत होते. आत मांजर ओरडत होती. तिनं घरचा रस्ता विसरावा म्हणून गोणी फिरवायची आणि तिला लांब एकलहऱ्याला सोडायचं, असा त्यांचा बेत!

आवाजावरून ओळखलं, ही तर आमच्या सोसायटीतली भटकी मांजर, कानकापी. मी गोणीच धरली.

"काका, हिचं ऑपरेशन केलंय. कापलेला कान त्याचीच खूण. हिला आता पिल्लं होणार नाहीत. हिला हाकललंत तर हिच्या जागी दुसरी येईल आणि ती इथंच विणार!"

"घाण कोण काढणार? सोड गोणी!"

ओढाताणीत गोणीचं तोंड सुटलं. मांजर भेलकांडत थेट काकांच्याच दारात गेली. आतून काकू म्हणाल्या, "आलीस का गं? दूध कधीचं काढून ठेवलंय."

आता तुम्हीच सांगा, गोणीत कुणाला घालू?