चौपाटीच्या जागेवर हरभरा

आई गेली तेव्हा गावचा तलाव काठोकाठ भरलेला होता. आपली राख पाण्यात सोडायची नाही, गाळात मिसळायची, असं तिनं सांगून ठेवलं होतं. म्हणून मडकं घरात ठेवून मी पाणी उतरायची वाट पाहिली.

दिवाळीनंतर पाणी मागं सरतं आणि काठचा काळा गाळ उघडा पडतो. आमच्या वस्तीतल्या बाया त्यात बोटानं भोक पाडून हरभरा टोबतात. याला गाळपेर म्हणतात. पाणी सरेल तशी एकेक ओळ पुढं जाते. आईनं जन्मभर हेच केलं. माझं शिक्षण त्या हरभऱ्यावर झालं.

राख मी ती दरवर्षी पेरायची त्या गाळाच्या तुकड्यात मिसळली, आणि त्याच आठवड्यात ग्रामसभेत तलावाच्या चौपाटीचा आराखडा आला. समुद्र आमच्यातल्या अनेकांनी पाहिलेला नाही. चित्रात मात्र दगडी भिंत, फरशीची वाट, बाकडी आणि ओळीनं नारळाची झाडं होती. पाणी भिंतीला टेकून उभं होतं. गाळ कुठंच नव्हता.

मी विचारलं, हे पाणी कोणत्या महिन्यातलं आहे? मागून एक म्हातारी म्हणाली, "चित्रातलं पाणी हाय बाई, थे आटत नाही." लोक हसले.

सरपंच भला माणूस. मयतीलाही शेवटपर्यंत थांबला होता. म्हणाला, "ताई, मायच्या नावाचं एक बाकडं ठेवून देऊ तिथं. लोकं बसतीन, नाव घेतीन."

"माह्या मायले बसायची सवयच नव्हती, भाऊ. बाकडं नको. गाळ राहू द्या."

गाळ सरकारी आहे, त्यावर कुणाचंच नाव नाही, असं तो समजावू लागला. ते खरंच होतं. मी म्हटलं, माझा विरोध लिहून घ्या. ग्रामसेवकानं लिहून मोठ्यानं वाचेपर्यंत मी खाली बसले नाही. मग एकेक करत वस्तीतल्या बायाही उभ्या राहिल्या. ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला, रद्द झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळावर गेले, तर ठराव झालेला नसतानाही भिंतीच्या आखणीच्या खुंट्या आईच्या तुकड्यातूनच गेलेल्या. मी एकही उपटली नाही. पदरात हरभरा घेतला आणि खुंट्यांच्या दोन्ही अंगांनी टोबत गेले. बोटं तिच्याइतकी चालत नाहीत, ओळ वाकडी झाली.

आता रोपं वर आली आहेत. पुढची सभा होईल तेव्हा घाटे भरलेले असतील. भिंत बांधायला येणाऱ्यांना उभ्या पिकातून यावं लागेल, आणि मी तिथं असेन.