कोऱ्या चेहऱ्याच्या काकू

काकूंच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटायचं नाही. माझी पुरणपोळी खातानाही नाही! "मी हिला पसंत आहे की नाही, मला अजून कळलेलं नाही बुवा," असं त्यांचे यजमान म्हणायचे.

घरोघरी जाऊन नशेचा सर्वे करणाऱ्या आमच्या गटाच्या त्या प्रमुख. आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात नशा वाढतेय की घटतेय, ते दर काही वर्षांनी मोजायचं. प्रश्न मागच्या फेरीतलेच, शब्दही तेच. एकदा मी म्हटलं, जरा सौम्य करून विचारू या. तर म्हणाल्या, "फुटपट्टीच बदललीस तर पोर वाढलं की नाही, कसं कळणार गं?" आणि चेहरा कोरा हवा. "आपली भुवई वर गेली, की समोरच्याचं खरं उत्तर आत गेलंच म्हणून समज."

प्रत्येक घरातल्या एकालाच चिठ्ठी टाकून निवडायचं; जवाहर चौकातल्या एका घरी नेमक्या ऐंशीच्या पुढच्या आजींची चिठ्ठी निघाली. "यांना काय विचारायचं गांजाचं!" मी कुजबुजले. काकूंनी शांतपणे विचारलं, "अम्माजी, पिछले एक साल में आपने गांजा पिया है?"

आजी खुलल्याच. "पूछो बेटा, पूछो! मुझसे तो घर में कोई कुछ पूछता ही नहीं." मग तरुणपणी नवऱ्यासोबत चोरून ओढलेल्या चिलमीची अख्खी कहाणी. काकू ढिम्म. "और पिछले एक साल में?" जिना उतरल्यावर मात्र पदर तोंडाशी धरून इतक्या हसल्या, की मलाच त्यांना सावरावं लागलं.

अशा या बाईला मी शाहपुऱ्याच्या तळ्याकाठी चहा पिताना एकदा सांगून टाकलं. माझा धाकटा भाऊ नितीन नशेच्या गोळ्या घेतोय, असा मला संशय होता. घरात कुणाला बोलले नव्हते.

"त्याला विचारलंस?"

"भीती वाटते हो. खोटंच बोलेल."

"तुझा असा चेहरा बघून बोलेलच. परक्याच्या घरात बसतेस, तशी बस त्याच्यापुढे."

बसले. हात मांडीखाली दाबून धरले होते. गोळ्या घेतोस का, विचारलं. नितीन म्हणाला, "हो ताई. रोज." आतून मी पार कोसळले, पण भुवई हलू दिली नाही. दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेलो. सोपं नव्हतं. मध्ये एकदा घसरला, पुन्हा सावरला. काकूंचा कोऱ्या चेहऱ्याचा धडाही मी त्याला पुढे सांगून टाकला.

यंदा काकू कायमच्या मुलीकडे पुण्याला निघाल्या. स्टेशनवर त्यांचं सामान नितीननंच गाडीत चढवलं. पाया पडून तो उठला, तर काकूंचे ओठ थरथरतायत, नाक लाल, डोळ्यांना धार लागलेली.

"काकू, चेहरा!" नितीन म्हणाला.

"गप रे मेल्या," काकू म्हणाल्या, "मी रिटायर झालेय आता."