पितळी पाटीवरचं नाव

अम्मा गेल्यावर माझे अब्बा जव्हारला माझ्या सासरी राहायला आले, तेव्हा त्यांच्याकडे एक ट्रंक होती आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड. ट्रंक त्यांनी हमालाला दिली, पण टॉवेल काखेतून सोडला नाही. सासूबाईंनी ते लगेच हेरलं. मीही हेरलं, खोटं कशाला बोलू.

बापानं मुलीच्या घरी राहायचं म्हणजे आमच्यात आधीच मान खाली. त्यात हे गाठोडं! अब्बा जन्मभर घाटावरच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होते. विजेची इंजिनं आली, वाफेची भंगारात निघाली आणि त्याच सुमाराला अब्बाही रिटायर झाले.

टॉवेलातून निघाली ताटाएवढी गोल पितळी पाटी. कडेला बोल्टची भोकं, वर उठावाची इंग्रजी अक्षरं.

"अमेरिकेच्या कारखान्याची आहे," अब्बा म्हणाले. "लढाईनंतर तिथून बोटीनं इंजिनं आली, त्यातल्या माझ्या इंजिनाची. भंगारात काढलं तेव्हा शेडवाल्यांनी मला निरोपाला दिली."

"निरोपाला घड्याळ देतात," सासूबाई म्हणाल्या आणि पदर सावरून आत गेल्या.

माझ्या सासऱ्यांचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं. कल्हई करायची, गळक्याला डाग लावायचा, भांड्यावर टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांनी नाव घालायचं. खोडाळ्याहून, सूर्यमाळहून बायका हंडे घेऊन यायच्या. सूर्यमाळला उन्हाळ्यात झऱ्यावर माणसं नाही, हंडेच रांगेत उभे असतात. ज्याचं नाव त्याचा नंबर. त्यामुळे नावाच्या बाबतीत सासरे फार कडक. कोणाचं नाव घासून देणार नाहीत आणि एका नावाखाली दुसरं घालणार नाहीत. एका भांड्यावर दोन नावं म्हणजे एक मालक आणि एक चोर, असं त्यांचं साधं गणित होतं.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मला वाचायला लावलं. लांबलचक नाव, खाली फिलाडेल्फिया.

"हा कोण?"

"कारखानदार. त्यानं इंजिन बनवलं."

"बनवणारा कधी आपलं नाव घालतो का? मी घालतो? नाव भांडं घेणाऱ्याचं असतं. म्हणजे चीज याची."

अब्बा म्हणाले, "भाईसाहेब, तो कारखाना केव्हाच बंद पडला."

"वारस असतील ना!"

मला हसू फुटलं. पण सासऱ्यांना हसू येत नव्हतं. चोरीचं पितळ घरात आहे असं एकदा बाजारात झालं की आपल्याकडे हंडा कोण ठेवील, हे त्यांचं भय होतं. ते म्हणाले, ईदपर्यंत पाटी जाईल, नाहीतर पाटीवाला जाईल. अब्बांनी पाटीऐवजी ट्रंक भरायला घेतली.

मी परसात त्यांना गाठलं. "खरं सांगा, तुम्हीच काढून आणलीत ना?"

"तू पण?" एवढंच ते बोलले. मला रडू आलं, पण शंका काही हलली नाही. पाने आणि बोल्ट यांत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना ती काढायला किती वेळ लागणार?

ईदच्या आधीच्या बाजाराला सूर्यमाळची एक बाई हंडा घेऊन आली. अब्बा दुकानाच्या पायरीवर ट्रंकेवर बसले होते, गाडीची वाट बघत. हंड्यावर तिच्या आईचं नाव होतं.

"आयसचा नाव राहू दे. खाली माझा टाक," ती म्हणाली.

"दोन नावं मी घालत नाही. तुला दिला याला साक्ष कोण?"

"आयसनी दिला. आयस मेली. ती आता सांगाया येल का?"

अब्बा मोठ्यानं हसले. सासरे त्यांच्याकडे रागानं बघत राहिले. मग त्यांनी हंडा मांडीवर घेतला आणि आईच्या नावाखाली तिचं नाव ठोकायला लागले. बाई गेली तशी त्यांनी मला हाक मारली, "बहू, ती पाटी आण." अब्बांनी ती ट्रंकेतून काढून दिली.

"भाईसाहेब, नाव काय घालू? तुमचंच ना?"

"माझं नको," अब्बा म्हणाले. "हिचं घाला."

फिलाडेल्फियाच्या खाली माझं नाव उमटलं. ट्रंक घरात परत आली. सगळे खूश आणि मी जळफळत होते. चोरीची निघाली तर आता चोर मी!

शेडमधलं कोणी कधी जव्हारला आलं नाही, म्हणून खरं-खोटं कळलं नाही. अब्बांच्या शेवटच्या आजारपणात मी एकदा धीर करून परत विचारलं, "अब्बा, पाटी दिली होती की काढली होती?"

त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "नाव कोणाचं आहे त्यावर?"

"माझं."

"मग मला काय विचारतेस?" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.