अटलांटाचं शेवटचं प्रकरण

पॅन्क्रियाटिक कार्सिनोमा, म्हणजे स्वादुपिंडाचा कर्करोग, हे शब्द डॉक्टरांनी मला आणि सुहासला सांगितले तेव्हा अण्णा बाहेर बाकावर बसले होते. आजार त्यांचा होता.

सुहास, माझा धाकटा भाऊ, लगेच म्हणाला, "वडिलांना काही सांगू नका." डॉक्टरांनी कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणून मान हलवली, जणू ही रोजचीच मागणी. मग अण्णांना आत बोलावून ते हसून म्हणाले, "स्वल्प सूज आहे, सर."

आपल्याकडे याला माया म्हणतात. मला अजून संताप येतो.

सुरुवात डोळे पिवळे दिसण्यापासून झाली होती. पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, बसवली. भेटायला आलेली आत्या म्हणाली, "अरे, तू तर नवरदेवासारखा दिसतोस!"

"हो ना, हळद अजून उतरलेली नाही," अण्णा म्हणाले.

अण्णा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. येलहंक्याच्या घरी बसून ते अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या अटलांटा शहरावर मराठीत पुस्तक लिहीत होते. सेनापती त्यांना नको होते. तोफांच्या माऱ्यात अंगणात खड्डे खणून लपलेली आणि पुढे घरं सोडावी लागलेली माणसं हवी होती. शहर पुन्हा उभं राहतानाचं प्रकरण तेवढं राहिलं होतं.

"ते दिवाळीनंतर बघू," असं ते म्हणाले, त्या दुपारी मी त्यांना खरं सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तोफा वेशीवर आल्या तरी तिथली वर्तमानपत्रं शहर सुरक्षित आहे म्हणून छापत होती. तुम्हीही तेच केलंत. निदान खड्डा तरी खणू द्यायचा मला!" मग म्हणाले, "कागद घे."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. जळक्या विटा निवडून पुन्हा भिंती रचणारे लोक. गुलामीतून सुटून काम आणि शाळा शोधत त्या शहरात आलेली कृष्णवर्णीय माणसं. "बाकीचे पुन्हा बांधत होते, ही माणसं पहिल्यांदाच," अण्णा म्हणाले. "हे वाक्य गाळायचं नाही."

प्रकरण पुरं झालं. त्यानंतर अण्णा थोडेच दिवस होते.

तुमच्या घरी अशी वेळ आली, तर आजारी माणसाला बाहेर बसवू नका. आमच्या डॉक्टरांनी नंतर खुर्ची ओढून अण्णांच्या प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर दिलं. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

तेराव्याला सुहास म्हणाला, "अक्का, तू सांगितलं नसतंस, तर शेवटचे दिवस सुखात गेले असते."

मी ते प्रकरण त्याच्या हातात दिलं. "वाच. मग सांग कसे गेले."